गृहारोग्य : स्पर्शभिंगें आणि बुबुळाचे चिवट व्रण

मागील दोन अंकांत डोळ्यांच्या सामान्य निगेविषयीं आम्हीं जें लिहिलें, त्यावर वाचकांचीं बरींच पत्रें आलीं. त्यांतील चार पत्रें एकाच प्रश्नाचीं आहेत. घरांतील मुलगी, सून किंवा कॉलेजांत जाणारा मुलगा चष्मा सोडून डोळ्यांत 'कॉन्टॅक्ट लेन्स' घालूं लागला आहे. हें सुरक्षित आहे काय, आणि डोळा लाल झाल्यास करावें काय? एका आजीबाईंनीं तर असेंही विचारलें आहे कीं, मोरीजवळच्या फळीवर दोन झांकणांची जी इवलीशी डबी रोज दिसते, तिच्यांत असतें तरी काय. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर एखाद्याची दृष्टि अवलंबून असूं शकते, म्हणून या महिन्याचें सारें सदर आम्ही त्यासच देत आहों. आम्ही वैद्य नव्हों. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. पुढें जें लिहिलें आहे तें ग्रंथ वाचून, नेत्रवैद्यांस पुनःपुन्हां प्रश्न विचारून, आणि एका घरची हकीकत जवळून पाहून लिहिलें आहे.

'कॉन्टॅक्ट लेन्स' यास आम्ही येथें स्पर्शभिंग म्हणूं. शब्द थोडा जड आहे खरा, पण अर्थ बरोबर सांगतो. चष्म्याचें भिंग नाकावर बसतें, हें डोळ्याला टेकतें. आणि त्याचे सर्व गुण व सर्व दोष या टेकण्यांतूनच निघतात.

तें टेकतें कशावर, हें आधीं पाहूं. बुबुळापुढें घड्याळाच्या कांचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, त्यास शास्त्रीय पुस्तकांत पारपटल म्हणतात. त्याचा व्यास सुमारें ११ ते १२ मिलिमीटर. मध्यभागीं जाडी केवळ अर्धा मिलिमीटर. त्यांत रक्तवाहिनी एकही नाहीं. असती तर आपणांस आरपार दिसलें नसतें. मग त्याचा निर्वाह कसा चालतो ? अन्न बहुतेक आंतल्या बाजूच्या जलासारख्या रसांतून, आणि प्राणवायु मुख्यतः थेट बाहेरच्या हवेंतून. अश्रूंच्या पातळ थरांत विरघळलेला वायु हा पडदा शोषून घेतो. रक्त नसल्याचा तोटाही आहे : शरीराच्या रक्षक पांढऱ्या पेशी तेथें उशीरां पोंचतात. ज्ञानतंतूंची दाटी मात्र इतकी कीं, कुसळाचा नुसता स्पर्शही सोसवत नाहीं. पुन्हां असें कीं, अंगावरची खोल जखम भरली म्हणजे वण राहतो, आणि त्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. पण पारदर्शक वस्तूवरचा वण म्हणजे पांढरा डाग. आपल्याकडे 'डोळ्यांत फूल पडलें' म्हणतात तें हेंच.

सुश्रुतानें उत्तरतंत्रांत कृष्णमंडलाचे चार रोग सांगितले आहेत. सव्रणशुक्र हा त्यांतील पहिला. सुईनें टोंचल्यासारखा खोल दिसणारा, ऊन अश्रु गाळणारा आणि अतिशय ठणकणारा असा तो वर्णिलेला आहे. पुढें साध्यासाध्यविचार करतांना ग्रंथकार म्हणतो कीं, जो दृष्टीच्या जवळ नाहीं, खोल नाहीं, फार स्रवत नाहीं, तोच काय तो कधींकाळीं बरा होतो. या 'कधींकाळीं'वर आम्हांस नेहमीं थांबावेंसें वाटतें. इतक्या धीट शस्त्रवैद्यानेंही येथें हात राखून वचन दिलें आहे. आजचा नेत्रवैद्य यंत्रांतून पाहतो, तरी प्रथम पाहतो तें हेंच : व्रण मध्यावर आहे कीं कडेला, उथळ आहे कीं खोल.

स्पर्शभिंगाची कल्पना नवी नाहीं. १८८८ सालीं झ्यूरिक येथील आडोल्फ फिक या वैद्यानें कांचेचें भिंग प्रथम सशांच्या, मग स्वतःच्या, आणि नंतर कांहीं रोग्यांच्या डोळ्यांवर बसविल्याचें प्रसिद्ध केलें. तें जड भिंग थोडे तासच सोसे. आज जें मऊ भिंग मुलांच्या बोटांवर दिसतें त्याचें श्रेय चेकोस्लोव्हाकियांतील रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्तर्ले यांचें. १९६१ च्या नाताळांत त्यांनीं आपल्या घरीं मुलांच्या खेळांतील लोखंडी पट्ट्या आणि सायकलचा डायनामो जोडून एक यंत्र उभें केलें, आणि फिरत्या सांच्यांत द्रव ओतून तीं भिंगें घडविलीं. १९७१ सालीं बॉश अँड लॉम्ब या कंपनीस अमेरिकेंत त्यांच्या विक्रीची परवानगी मिळाली, आणि मग तीं जगभर पसरलीं. येथें एक योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. विख्तर्ले यांचें जन्मगांव प्रोस्त्येयोव. त्याच्या शेजारचें मोठें शहर ओलोमोउत्स. या ओलोमोउत्समध्येंच ७ डिसेंबर १९०५ रोजीं एडुआर्ड त्सिर्म यांनीं मानवी पारपटलाचें पहिलें यशस्वी रोपण केलें होतें. ज्या मुलखाच्या पुत्रानें पुढें मऊ भिंग दिलें, त्याच मुलखांत भिंगानें बिघडणाऱ्या डोळ्यांचा अखेरचा उपाय आधींच तयार होऊन बसला होता !

आतां भिंगानें डोळा बिघडतो कसा ? निरोगी पारपटलावर जंतु सहसा रुजत नाहींत. पापणी दर कांहीं सेकंदांनीं पुसते, अश्रु धुतात, आणि अश्रूंत जंतुनाशक द्रव्येंही असतात. भिंग बसलें कीं त्याच्याखालचे अश्रु तुंबतात, प्राणवायु कमी पडतो, वरच्या पेशी दुबळ्या होऊन सूक्ष्म ओरखडे उठतात. आणि भिंगाला चिकटून आलेला जंतु या ओरखड्यांवर तासन् तास दाबून धरला जातो. रात्रीं भिंगासह झोंप लागली तर पापणी मिटलेली असल्यानें उरलासुरला वायुही बंद. १९८९ सालीं अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागांतील पाहणी प्रसिद्ध झाली, तींत असें आढळलें कीं, रोज रात्रीं मऊ भिंगें काढून ठेवणाऱ्या दहा हजार माणसांत वर्षाला सुमारें ४.१ जणांस बुबुळाचा व्रण होतो; तींच भिंगें रात्रंदिवस ठेवणाऱ्यांत २०.९ जणांस. म्हणजे पांचपट. दहा हजारांत चार ही संख्या कांहीं भयंकर नव्हे, आणि स्पर्शभिंगें फेंकून द्या असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु ज्या चौघांस तो होतो त्यांस तो चार अंश होत नाहीं, पुरता होतो.

या व्रणांचे कर्ते मुख्यतः तीन कुळांतले. पहिलें कुळ जंतूंचें. भिंगें वापरणाऱ्यांत त्यांचा अग्रणी स्यूडोमोनस नांवाचा जंतु, ओलाव्यांत वाढणारा आणि भिंगाच्या डबींत घर करणारा. हा घाईचा शत्रु आहे. सकाळीं टोंचतें, सायंकाळीं पांढरा ठिपका दिसतो, दुसऱ्या दिवशीं पू. आणि उपचार न झाल्यास दोनतीन दिवसांत पारपटलास भोंक पडूं शकतें. मात्र वेळेवर निदान झालें आणि जंतुनाशक थेंब तासातासाला पडले, तर तो बहुधा लवकर हटतो.

दुसरें कुळ बुरशीचें. आपल्या देशांत हा व्रण भिंगापेक्षां शेतकऱ्यांस अधिक होतो. भाताचें पातें किंवा उसाचें पान डोळ्यास लागलें कीं बुरशीचें बीज आंत जातें. त्यावरील नॅटामायसीन हें औषध जुनें आहे. आफ्रिकेंतील नाताळ प्रांताच्या मातींत सांपडलेल्या सूक्ष्म जीवापासून तें निघालें, म्हणून तें नांव. तमिळनाडूंतील अरविंद नेत्ररुग्णालयांत ३२३ रोग्यांवर तें आणि व्होरिकोनॅझोल हें नवें औषध ताडून पाहण्यांत आलें, आणि २०१३ सालीं निकाल प्रसिद्ध झाला : जुनेंच सरस. भिंगाचा आणि बुरशीचा संबंध जगास कळला तो २००६ सालीं. सिंगापूर, हाँगकाँग व अमेरिका येथें फ्युझेरियम बुरशीचे व्रण एकाएकीं वाढले. एकट्या अमेरिकेंत १६४ रोगी निश्चित झाले. शोध घेतां बोट गेलें तें भिंगें बुडवून ठेवण्याच्या एका लोकप्रिय द्रवाकडे, 'रेन्यू विथ मॉइश्चरलॉक' याच्याकडे. आणि त्या वर्षाच्या मे महिन्यांत कंपनीनें तो जगांतील सर्व बाजारांतून परत घेतला. जें पाणी जंतु मारण्यासाठीं विकत घ्यावें त्याच्याच वापरांत जंतूस वाट मिळावी, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तिसरें कुळ या दोघांहून निराळें, आणि आजच्या सदराचें खरें कारण तेंच. हा जंतु नव्हे, बुरशीही नव्हे. हा एकपेशीय आदिजीव आहे. शाळेंत अमीबाचें चित्र आपण सर्वांनीं काढलेलें असतें. त्याचाच हा कांटेरी भाऊबंद, अकँथामीबा. ग्रीक भाषेंत 'अकांथा' म्हणजे कांटा. याची लांबी मिलिमीटरच्या सुमारें चाळिसाव्या भागाएवढी. माती, धूळ, नदी, विहीर, पोहण्याचा तलाव, नळ, गच्चीवरची टाकी, सर्वत्र तो आहे. बारीक जंतु खाऊन राहतो आणि सामान्यतः कोणाच्या वाटेस जात नाहीं. आपण त्याला रोज तोंडावर मारून घेतों. पण अन्न संपलें, पाणी आटलें, किंवा औषध आलें, कीं हा कासवासारखा अंग आवरून स्वतःभोंवतीं दुहेरी कवच करतो. कवचाच्या आंतल्या थरांत सेल्युलोज असतें; कापसांत आणि लांकडांत असतें तेंच. या स्थितीस पुटी म्हणतात. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन तिला बाधत नाहीं. सुकली तरी ती वर्षानुवर्षें जिवंत राहते. आणि दिवस पालटले कीं कवच फोडून जीव पुन्हां चालूं लागतो. चिवट म्हणतात तो हा.

याच्यामुळें डोळ्यास रोग होतो हें १९७४ सालीं इंग्लंडांतील वैद्यांनीं 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत प्रथम कळविलें. तेव्हां तो दुर्मिळ चमत्कार वाटला. १९८५-८६ च्या सुमारास अमेरिकेंत रोगी वाढले, तेव्हां ध्यानांत आलें कीं पुष्कळजण मऊ भिंगें वापरणारे असून, मिठाच्या गोळ्या पाण्यांत विरघळवून घरींच द्रव करणारे आहेत. इंग्लंडांत हा रोग विशेष, याचें कारण तेथील जुन्या घरांत माळ्यावर पाण्याच्या टाक्या असतात व न्हाणीघराच्या नळास त्यांचें पाणी येतें. हें वाचून आम्हीं आपल्या घराच्या गच्चीकडे पाहिलें. वाचकांनींही पाहावें. आपल्या देशांत आणखी एक गोष्ट निराळी आहे : हैदराबाद आणि दक्षिणेकडील रुग्णालयांत या आदिजीवाचे जे रोगी येतात त्यांपैकीं बहुतेकांनीं स्पर्शभिंग कधीं पाहिलेलेंही नसतें, चिखलाचें पाणी किंवा शेतांतील जखम हेंच त्यांचें निमित्त. तेव्हां 'आमच्या घरीं कोणी भिंगें घालीत नाहीं' एवढ्यानें हें पान उलटूं नये.

आतां ती हकीकत. घर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें, अकरा माणसांचें. त्यांच्या अनुमतीनें लिहितों. थोरली मुलगी तेवीस वर्षांची, शिकलेली, नोकरी करणारी. चष्म्याचा नंबर उणें पांच. दोन स्थळांकडून 'मुलगी चांगली आहे, पण चष्मा जाड आहे' असा निरोप आला, तेव्हां सर्वांनीं मिळून ठरविलें आणि तिला स्पर्शभिंगें आणून दिलीं. दुकानदारानें वापराची रीत दोन मिनिटांत सांगितली. मुलगी नीटनेटकी, डबी रोज नळाखालीं धुवी आणि ओलीच मिटून ठेवी. स्नानाच्या वेळीं भिंगें डोळ्यांतच असत. तिच्या दृष्टीनें ही स्वच्छताच होती, आणि न सांगतां दहांपैकीं नऊ जणांनीं तसेंच केलें असतें. गच्चीवरची टाकी धुवावयाची असें त्या घरीं दर उन्हाळ्यांत ठरे.

उजवा डोळा लाल झाला तेव्हां गुलाबपाणी झालें, दुधाच्या घड्या झाल्या. चवथ्या दिवशीं गांवांतील डॉक्टरांकडे नेलें. बुबुळावर फांद्या फुटल्यासारखी रेघ दिसली. ती त्यांस हर्पीज विषाणूची वाटली आणि त्यावरचे थेंब सुरू झाले. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. हा रोग आरंभीं हर्पीजचें सोंग इतकें हुबेहूब घेतो कीं, लंडनच्या मूरफील्ड्ससारख्या रुग्णालयांत पोंचणारे कित्येक रोगीही आधीं त्याच नांवाचें औषध घेऊन आलेले असतात. तीन आठवडे गेले. मध्यें स्टेरॉइडचे थेंब मिळाले. त्यांनीं चार दिवस डोळा निवळला आणि घरांत सर्वांस हायसें वाटलें. पांचव्या दिवसापासून ठणका असा लागला कीं, ती मुलगी रात्रभर अंधारांत कपाळ भिंतीला टेकून बसे. दिव्याची वात सुद्धां सोसवेना. डोळ्याकडे पाहतां मात्र एवढें दुखावें असें कांहीं दिसत नव्हतें. आणि घरांतील एका वडीलधाऱ्या माणसानें 'मुलगी हळवी आहे' असें म्हटलेंही.

ही विसंगति, लाली बेताची आणि वेदना पराकाष्ठेची, हीच या रोगाची मोठी खूण आहे. हा जीव पारपटलांतील ज्ञानतंतूंच्या कडेकडेनें सरकतो आणि ते सुजतात. पुढें बुबुळावर कंकणासारखें पांढरें वलय उठतें. पण वलय उठेपर्यंत थांबणें म्हणजे घर जळेपर्यंत धुराची वाट पाहणें होय. भिंगें घालणारें माणूस 'माझा डोळा फार दुखतो' म्हणालें तर त्यावर विश्वास ठेवावा. हळवेपणाचा विचार मागाहून करतां येतो.

अखेर त्या मुलीस मोठ्या नेत्ररुग्णालयांत नेलें. तेथें व्रणाची थोडी खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, आणि थोडी पेरली. ही पेरणी मोठी मौजेची असते. पोषणद्रव्य मुळींच नसलेल्या आगरच्या थरावर आंतड्यांतील साध्या जंतूंची साय पसरतात आणि तीवर खरवड ठेवतात. अमीबा असेल तर तो भुकेनें निघतो आणि जंतु खातखात जातो. दोनचार दिवसांत त्या सायींत त्याच्या वाटा उमटलेल्या दिसतात, गोगलगाय भिंतीवरून गेल्यासारख्या. मोठ्या ठिकाणीं आतां पारपटल न खरवडतांच आंतील पुट्या दाखविणारें यंत्रही असतें.

औषधाचा इतिहास फार जुना नाहीं. आरंभीं या रोगावर औषधच नव्हतें. डोळा काढण्यापर्यंत मजल जाई. १९८५ सालीं लंडनमध्यें प्रोपॅमिडीन या द्रव्याच्या थेंबांनीं एक रोगी शस्त्रावांचून बरा झाल्याचें प्रसिद्ध झालें. हे थेंब इंग्लंडांत डोळ्याच्या साध्या तक्रारींसाठीं दुकानांत मिळत असत. १९९२ सालीं तेथीलच वैद्यांनीं पॉलिहेक्झानाइड हें द्रव्य डोळ्यांत वापरलें. हें मूळ पोहण्याच्या तलावांचें पाणी शुद्ध करण्याचें द्रव्य ! पांच हजार भाग पाण्यांत एक भाग, म्हणजे शेंकडा ०.०२, एवढें सौम्य करून तें घालतात. तें पेशीच्या आवरणास चिकटून तें फाडतें, आणि चालत्या जीवाबरोबर पुटीसही पोंचतें. क्लोरहेक्सिडीन हें त्याच जातीचें दुसरें औषध. इंग्लंड, इटली व पोलंड येथील १३५ रोग्यांवर केलेला प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटास चौपट तीव्रतेचें, शेंकडा ०.०८ चें, एकटें पॉलिहेक्झानाइड. दुसऱ्यास जुन्या प्रमाणाचें, प्रोपॅमिडीनसह. दोहोंतही वर्षभरांत शंभरांतील ८५ किंवा किंचित् अधिक रोगी औषधानेंच बरे झाले, आणि २०२४ सालीं युरोपीय संघानें त्या तीव्र थेंबांस मान्यता दिली. आपल्याकडे हे थेंब कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळत नाहींत. मोठ्या नेत्ररुग्णालयांच्या औषधशाळेंत ते तयार करून देतात. यावरून एवढें समजावें कीं, असा संशय आल्यास लहान गांवांत दिवस काढण्यांत अर्थ नाहीं.

परंतु औषध सांपडलें म्हणजे काम झालें असें नव्हे. चालता जीव चारदोन दिवसांत मरतो. पुट्या मात्र आंत दबा धरून बसतात, आणि औषध थांबलें कीं त्यांतील एखादी उघडते. म्हणून उपचार महिनोन् महिने चालतो. पहिले दोन दिवस दर तासाला, दिवसा आणि रात्रींही. मग कांहीं दिवस जागेपणीं दर तासाला. मग हळूहळू कमी. औषधें दोन असलीं तर एकानंतर पांच मिनिटांनीं दुसरें, नाहींतर पहिलें वाहून जातें. हिशेब केला तर पहिल्या दिवसांत ४८ वेळां डोळा उघडावा लागतो, आणि तोही असा डोळा कीं जो उघडल्यानेंच मरणप्राय वेदना होतात. शहरांत एकट्यानें राहणाऱ्या मुलांस यासाठीं रुग्णालयांत राहावें लागतें.

त्या घरीं काय झालें तें सांगण्यासारखें आहे. धाकट्या काकानें अकरा माणसांतील सात जणांच्या पाळ्या लावून कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटविला. रात्रीं बारा ते तीन वडील आणि भाऊ. दुपारीं आई व धाकटी काकू. शाळेंतून आलेला चुलतभाऊ घड्याळ घेऊन पांच मिनिटें मोजणार. आजोबांस थेंब पडलेला दिसत नसे, म्हणून त्यांच्याकडे वहींत खूण करण्याचें काम. पहाटे तीन ते पांच ही पाळी आजींनीं मागून घेतली. वय ७४, त्या एरवींही त्या वेळीं उठून बसलेल्या असत. हात साबणानें धुवून, पुसून, नातीचें डोकें मांडीवर घेऊन त्या थेंब घालीत. त्या नेत्ररुग्णालयांतील डॉक्टर आम्हांस म्हणाले कीं, वहींत एकही तास रिकामा नसलेला रोगी त्यांनीं क्वचितच पाहिला होता. एकत्र कुटुंबावर हल्लीं पुष्कळ टीका होते, तींतील बरीच खरीही असते. पण दर तासाचें औषध ही गोष्ट दोन माणसांच्या बिऱ्हाडास झेपणारी नव्हे, एवढें टीकाकारांनींही मान्य करावें.

सात महिन्यांनीं डोळा शांत झाला. मध्यावर फूल राहिलें आहे. त्या डोळ्यानें तक्त्यावरचीं वरचीं दोनतीनच अक्षरें दिसतात. पुढें पारपटलाचें रोपण करावें लागेल, पण डोळा पुरेसे महिने निवांत राहिल्यावांचून तें करीत नाहींत. पेटलेल्या डोळ्यांत रोपण केलें तर नव्या पडद्यांतही तो जीव शिरूं शकतो. भोंक पडण्याचीच वेळ आली तर निरुपाय म्हणून करतात. रोपणास पडदा लागतो तो कोणाच्या तरी मरणोत्तर नेत्रदानाचा, आणि तो मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत काढावा लागतो. घरीं मृत्यु झाला असतां हें सुचणें कठीण, म्हणून आधीं बोलून ठेवलेलें बरें. मुलगी आतां चष्मा लावते. ठरत आलेलें लग्न फिसकटलें. त्याचें आम्हांस फारसें वाईट वाटलें नाहीं. जाड चष्मा नको म्हणणाऱ्या वरपक्षानें, स्वतःच्या घरांतील किती जणांच्या नाकावर चष्मा आहे, हें एकदां मोजून पाहावें.

स्टेरॉइडविषयीं थोडें अधिक लिहिणें प्राप्त आहे. हें औषध वाईट नव्हे. जाणत्या हातीं तें डोळा वाचवितें. जंतूंच्या व्रणांत तें जोडीस दिल्यानें लाभ होतो काय, हें मुख्यतः दक्षिण भारतांत ५०० रोग्यांवर पाहिलें गेलें, आणि २०१२ सालीं उत्तर मिळालें कीं एकंदरींत फरक पडत नाहीं. पण अमीबा किंवा बुरशी असतां निदानापूर्वीं तें पडलें, तर लाली व ठणका दाबला जातो आणि आंतील शत्रूस मोकळें रान मिळतें. औषधाच्या दुकानांत 'लाल डोळ्याचे थेंब' म्हणून जें हातावर ठेवतात त्यांत पुष्कळदां हेंच मिसळलेलें असतें. शेजारच्यांस गुण आला म्हणून त्यांची उरलेली कुपी आणणें हा प्रकार तर सुशिक्षित घरांतही चालतो, याचें नवल वाटतें.

आजीबाईंच्या डबीकडे आतां येतों. तींत रात्रीं भिंगें बुडवून ठेवण्याचा जंतुनाशक द्रव असतो. पाणी नव्हे, आणि पाणी तिला लागतांही कामा नये, मग तें नळाचें असो, उकळलेलें असो कीं गंगेचें असो. सकाळीं भिंगें काढल्यावर जुना द्रव ओतून द्यावा, त्यांतच नवा घालून भर करूं नये. डबी ताज्या द्रवानेंच विसळून, स्वच्छ कागदानें पुसून, उपडी उघडी वाळूं द्यावी, आणि दर तीन महिन्यांनीं नवी घ्यावी. भिंगास हात लावण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे हें सर्व जाणतात. ते कोरडे करावे हें विसरतात. भिंग काढल्यावर तळहातावर घेऊन द्रवानें चोळावें, तेव्हां चिकटलेला मळ सुटतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रव मिळतात ते अमीबावर अधिक प्रभावी मानले जातात. मात्र त्यांची डबी निराळी असते आणि त्यांत भिंगें पूर्ण सहा तास ठेवावींच लागतात, नाहींतर डोळा पोळतो. रोज नवें घालून रात्रीं टाकून देण्याचीं भिंगें ज्यांस परवडतात त्यांची ही सारी यातायात वांचते, पण स्नानाचा नियम त्यांनाही सुटत नाहीं. स्नान, पोहणें, पर्वणीचें नदीस्नान, रंगपंचमी आणि रात्रीची झोंप, या वेळीं डोळ्यांत भिंग नसावें. प्रवासांत द्रव संपला तर एक दिवस चष्मा लावावा. म्हणून प्रत्येक स्पर्शभिंगधारी माणसाजवळ चालू नंबरचा चष्मा असलाच पाहिजे, आणि तो लावल्याबद्दल घरांत कोणी टोंकूं नये.

डोळ्यांत मध किंवा तुपाचें काजळ घालावें काय असें दोन भगिनींनीं विचारलें आहे. निरोगी डोळ्याचा वाद येथें घालीत नाहीं. दुखत्या, लाल डोळ्यांत घरचें कांहींएक घालूं नये, एवढेंच निक्षून सांगतों. भिंग तात्काळ काढावें आणि त्याच दिवशीं नेत्रवैद्य गांठावा, दुसरा दिवस उजाडूं देऊं नये. काढलेलें भिंग मात्र टाकूं नये. तें डबींत, डबींतील द्रवासह, बरोबर न्यावें आणि द्रवाची बाटलीही न्यावी. कारण व्रणाच्या खरवडींत कांहींच न सांपडतां डबींतल्या थेंबभर पाण्यांत अपराधी सांपडला, असें अनेकदां घडतें.

पुढील अंकीं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेविषयीं आलेल्या पत्रांस उत्तरें देऊं.